कापलेलं परत जोडून बघा

(छायाचित्रं कशी बघावीत, याविषयीच्या एका जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. पडद्यावर दाखवलेल्या फोटोंचं वर्णन वक्त्याच्या बोलण्यातच आलं आहे, ते तसंच ठेवलं आहे.)



विषय कळवला तेव्हा आयोजकांचा फोन आला होता. ‘क्रॉपिंगवर तासभर बोलण्यासारखं काय आहे हो?’ प्रश्न रास्त आहे. आज इथे बसलेल्या प्रत्येकाने गेल्या आठवड्यात एकदा तरी मोबाइलवर फोटो क्रॉप केला असणार. कडेला कोणाचं तरी कोपर आलं, कापलं. खाली चपला दिसत होत्या, कापल्या. दोन बोटांचं काम. त्याच्यावर कसलं व्याख्यान?

पण मी सुरुवात मोबाइलपासून करणार नाही. आपल्या घरांतल्या भिंतींपासून करतो. मराठी घरात सगळ्यात जास्त वेळा कापला गेलेला फोटो कोणता असेल, सांगा बरं? हार घातलेला. माणूस जातं, मग लक्षात येतं की त्याचा एकट्याचा असा धड फोटोच नाही. मग कुठल्या तरी लग्नाचा, मुंजीचा ग्रुप फोटो शोधून काढायचा, स्टुडिओत न्यायचा आणि त्यातल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवून सांगायचं, ‘यांचा मोठा करून द्या.’

आमच्या मिरजेच्या घरात माजघराच्या दारावर माझ्या आजीचा असाच फोटो होता. बारा बाय पंधराचा. मागची सगळी माणसं घालवून फोटोग्राफरने फिकट राखाडी रंग भरलेला, केसांच्या कडेला ब्रशने टचिंग केलेलं. फोटो छान होता. फक्त आजीच्या उजव्या खांद्यावर काहीतरी होतं. ज्या ग्रुप फोटोतून तो काढला होता त्यात कोणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि कापताना चार बोटं आजीबरोबर आली. त्यातली तीन फोटोग्राफरने पदराच्या चुणीत मिसळून टाकली. करंगळी राहिली. आम्हा मुलांना बरीच वर्षं तो साडीला लावलेला पिनेचा प्रकार वाटायचा.

ती करंगळी कोणाची, ते शेवटाकडे सांगतो. आत्ता फक्त एवढंच लक्षात ठेवू या, की कापून बाहेर टाकलेली गोष्ट नेहमी पूर्ण बाहेर जात नाही.

आता कापल्यावर नेमकं काय होतं, ते आधी रोकडं बघू.

पहिली गोष्ट तांत्रिक. समजा तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. म्हणजे फोटो साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलचा. तुम्ही त्याची रुंदी अर्धी केली, उंचीही अर्धी केली. उरला ३००० बाय २०००. आपल्याला वाटतं निम्मा उरला. उरला पाव. सहा मेगापिक्सेल. इंचाला ३०० ठिपके धरून छापलात, तर मूळ फोटो वीस इंच रुंद छापता आला असता, हा दहाच इंच येईल. निगेटिव्हच्या काळातही हिशोब हाच होता. छोटा तुकडा एन्लार्जरखाली जास्त मोठा केला की दाणा दिसायला लागायचा, चेहरे वाळूचे झाल्यासारखे.

दुसरी गोष्ट. कापल्याने पर्स्पेक्टिव्ह बदलत नाही. पुष्कळ जणांना वाटतं बदलतं. पुढचा माणूस मागच्या माणसाच्या मानाने किती मोठा दिसणार, हे कॅमेरा कुठे उभा होता त्यावर ठरतं. त्याच जागेवरून मोठी लेन्स लावून काढलेला फोटो आणि साध्या लेन्सच्या फोटोचा मधला तुकडा, यांची मांडणी सारखीच येते.

मग बदलतं काय? कडा बदलतात. आणि फोटोत कडा फार महत्त्वाची असते. माणूस मध्ये आहे की कोपऱ्यात, त्याच्या डोक्यावर किती आकाश आहे, तो बघतोय तिकडे पुढे जागा आहे की लगेच भिंत आहे, हे सगळं कडेमुळे ठरतं. माणूस तोच, क्षण तोच, प्रकाश तोच. कड दोन इंच सरकवली की एकटा माणूस गर्दीतला होतो किंवा गर्दीतला माणूस एकटा होतो.

वर्तमानपत्रांत ब्लॉक बनवण्याच्या काळात हे काम उपसंपादक करायचे. सभेचा फोटो यायचा, जागा असायची सिंगल कॉलमची. मग पेन्सिलने दोन उभ्या रेघा, मधला वक्ता ठेवायचा, बाकीचं व्यासपीठ बाद. दुसऱ्या दिवशी बाद झालेले लोक भांडायला यायचे. यात विनोद आहे, पण ते लोक काही वेडे नव्हते. त्यांना कळलं होतं, की आपण हजर होतो याचा पुरावा काल रात्री कोणीतरी पेन्सिलने खोडलाय.

तर आज मला एक कसोटी मांडायची आहे. अगदी घरगुती आहे. फोटो कापलेला आहे असं कळलं, की कापलेला भाग मनाने परत जोडून बघायचा. मूळ फोटो मिळाला तर डोळ्यांनी बघायचा. आणि विचारायचं, आता काय झालं? फोटो नुसता ढिला पडला? की वेगळंच बोलायला लागला? की आधी जे सांगत होता ते खोटं ठरलं? या तीन उत्तरांमध्ये खूप अंतर आहे. आपण मात्र सगळ्याला सरसकट क्रॉप म्हणतो आणि एक तर सगळं माफ करतो, नाही तर सगळ्यालाच लबाडी म्हणतो.

पहिलं उदाहरण. हा फोटो १९४६ चा, न्यूयॉर्कमधला. संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की. फोटो काढणारे आर्नल्ड न्यूमन. बघा, चौकटीचा बहुतेक भाग कशाने व्यापलाय? ग्रँड पियानोच्या उघडलेल्या झाकणाने. काळं, मोठं, टोकदार वळणाचं. पाश्चात्त्य स्वरलिपीत कोमल सुराचं चिन्ह असतं ना, फ्लॅटचं, त्याची आठवण करून देणारं. आणि स्ट्राविन्स्की कुठे आहेत? खाली, डाव्या कोपऱ्यात. डोकं हातावर टेकवलेलं. ज्याचा फोटो, त्याला एवढीशी जागा! आणि तरीही नजर फिरून फिरून त्यांच्याकडेच जाते.

हा फोटो न्यूमननी चार बाय पाच इंची निगेटिव्हवर काढला. त्या निगेटिव्हमध्ये याहून बरंच काही आहे. जास्त भिंत आहे, पियानो जास्त आहे. ते बघितलं तर एका खोलीत पियानोपाशी बसलेला माणूस दिसतो. चांगला फोटो, पण असे चांगले फोटो शेकड्याने असतात. कापल्यावर ती खोली गेली. उरला एक काळा आकार, दोन फिकट पट्टे आणि एक माणूस. संगीताचं चिन्ह आणि ते लिहिणारा. ज्या मासिकासाठी काढला होता त्या ‘हार्पर्स बझार’ने तो नाकारला. आज न्यूमन म्हटलं की हाच फोटो आठवतो.

आता कसोटी लावा. कापलेली भिंत परत जोडली. काय झालं? फोटो ढिला पडला. स्ट्राविन्स्कींबद्दल काही खोटं सांगितलं गेलं होतं का? नाही. कोणाला बाहेर काढलं होतं का? भिंतीला. भिंतीची काही तक्रार नाही. अशा कापण्याला मी शोध म्हणतो. फोटो काढताना सापडलं नव्हतं ते डार्करूममध्ये सापडलं. लेखक तिसऱ्या खर्ड्यात पहिली दोन पानं काढून टाकतो, तसंच.

इथे कोणीतरी म्हणेल, पण खरा फोटोग्राफर कापत नाही. हे आपल्याकडे फोटोग्राफी क्लबांमध्ये फार ऐकू येतं. त्यामागे एक मोठं नाव आहे, आंरी कार्तिये-ब्रेसाँ. कापण्याच्या ते विरोधात होते. त्यांचं म्हणणं साधारण असं, की चांगल्या फोटोत आकारांचा एक मेळ असतो, तो कापाकापीत मरतो. आणि मुळातच कमकुवत फोटो कापून सुधारत नाही. आपल्या प्रिंटभोवती ते निगेटिव्हच्या कडेची बारीक काळी रेघ ठेवायला लावत. म्हणजे बघा, काहीही कापलेलं नाही.

आणि त्यांचा सगळ्यात गाजलेला फोटो कोणता? १९३२ चा, पॅरिसमधल्या सँ-लाझार स्टेशनच्या मागे काढलेला. साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस, टाच पाण्याला अजून टेकायची आहे, खाली त्याचंच प्रतिबिंब. मागे भिंतीवर पोस्टर, त्यातही उडी मारणारी आकृती. ‘निर्णायक क्षण’ म्हटलं की हाच फोटो दाखवतात. आणि हा कापलेला आहे. ते कुंपणाच्या दोन फळ्यांमधल्या फटीतून फोटो काढत होते आणि मूळ निगेटिव्हमध्ये डावीकडे फळी आलेली आहे. ती छापताना कापली.

हे सांगून मला त्यांची चोरी पकडायची नाहीये. बघा, पकडला की नाही, असं म्हणणारे लेख पुष्कळ आहेत. मला त्यात रस नाही. कसोटी लावा. फळी परत जोडली, तर काय? डावीकडे एक काळपट पट्टा. माणूस अजूनही हवेतच आहे, पोस्टर तिथेच आहे. फोटो ढिला पडला, बस्स. म्हणजे त्यांनी स्वतःचा नियम मोडला, पण बघणाऱ्याशी बेइमानी केली नाही. आणि त्यातून उलट एक गोष्ट कळते. नियम होता शिस्तीचा, सत्याचा नव्हता. आपण त्या दोन्हींची गल्लत केली.

कारण न कापलेली चौकट म्हणजे तरी काय? ३६ बाय २४ मिलिमीटर. ही मापं काही निसर्गाने दिलेली नाहीत. लायका कॅमेरा बनवणाऱ्या ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाच्या फिल्मची १८ बाय २४ ची चौकट दुप्पट केली, त्यातून आली. रोलिफ्लेक्स वापरणाऱ्यांना चौरस मिळायचा, सहा बाय सहा सेंटिमीटरचा. आपल्याकडे होमाई व्यारावालांच्या हातातही रोलिफ्लेक्स असायचा. चौरस निगेटिव्ह संपादकांना आवडायचं, कारण त्यातून उभाही फोटो काढता यायचा, आडवाही. मग रोलिफ्लेक्सवाले सगळे लबाड आणि लायकावाले सगळे प्रामाणिक, असं म्हणायचं का? कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हाच तुम्ही जग कापलेलं असतं. पाठीमागे काय चाललंय ते फोटोत कधीच येत नाही. तेव्हा ‘मी कापत नाही’ या वाक्यात अभिमान आहे, तो असू दे. पण ते प्रामाणिकपणाचं सर्टिफिकेट नाही.

आता थोडं अवघड उदाहरण. हा चेहरा ओळखायला कोणाला अडचण येणार नाही. टी-शर्टवर बघितलाय, रिक्षाच्या मागे बघितलाय, हॉस्टेलच्या भिंतीवर तर बघितलाच आहे. चे गेवारा. फोटो आल्बर्तो कोर्दा यांचा. ५ मार्च १९६०, हवाना. आदल्या दिवशी हवानाच्या बंदरात ‘ला कुब्र’ नावाच्या फ्रेंच जहाजाचा स्फोट झाला होता. जहाजात शस्त्रं होती. माणसं मेली होती. पाच तारखेला त्यांच्यासाठी शोकसभा होती, कास्त्रोंचं भाषण चालू होतं. चे काही क्षण व्यासपीठाच्या पुढच्या बाजूला आले आणि मागे गेले. कोर्दांना दोन फोटो मिळाले.

मूळ फोटो आडवा आहे. डावीकडे एका माणसाचा बाजूने दिसणारा चेहरा. उजवीकडे झाडाच्या झावळ्या. मध्ये चे. कोर्दांनी डावीकडचा माणूस कापला, उजवीकडच्या झावळ्या कापल्या. आडव्याचा उभा केला. ज्या वर्तमानपत्रासाठी काढला होता त्यांनी तेव्हा तो वापरला नाही. कापलेली प्रिंट काही वर्षं कोर्दांच्या स्टुडिओच्या भिंतीवर होती. १९६७ मध्ये इटलीचे प्रकाशक फेल्त्रिनेल्ली यांना त्यांनी प्रिंट्स दिल्या, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चे मारले गेले, आणि मग तो चेहरा जगभर गेला.

कसोटी लावू. तो माणूस आणि झावळ्या परत जोडा. फोटो ढिला पडतो, हो. पण तेवढ्यावर थांबत नाही. त्याला जागा मिळते. तारीख मिळते. हा माणूस कुठे तरी उभा आहे, त्याच्या शेजारी कोणीतरी उभं आहे, समोर काहीतरी घडतंय. आणि समोर काय आहे ते आपल्याला माहीत आहे: शोकसभा. चेहऱ्यावरचा जो भाव आहे तो आदल्या दिवशी गेलेल्या माणसांसाठीचा राग असेल, दुःख असेल. झावळ्या कापल्या की त्या नजरेच्या समोरची सभा जाते. मग तो कुठे बघतोय? दूर. भविष्याकडे. क्रांतीकडे. ज्याला जे हवं तिकडे. म्हणून तर तो चेहरा कशावरही छापता येतो. ज्याला जागा नाही, तो कुठेही चिकटवता येतो.

इथे मी कोर्दांना दोष देत नाही. ते फॅशन फोटोग्राफर होते, चेहऱ्याभोवतीचं काय ठेवायचं आणि काय काढायचं याची त्यांना जाण होती. त्यांनी खोटं काही केलेलं नाही. पण हे न्यूमनसारखं साधंही नाही. तिथे भिंत गेली होती, इथे शोक गेला. माणसाचं प्रतीक व्हायला काय लागतं? त्याच्या शेजारचा माणूस काढून टाकावा लागतो. चांगल्या हेतूने केलं तरी किंमत तीच. आपण आपल्या पुढाऱ्यांच्या, संतांच्या, समाजसुधारकांच्या बाबतीत हेच करतो. फ्लेक्सवरचा चेहरा आकाशाकडे बघत असतो. तो ज्या सभेत, ज्या लोकांबरोबर उभा होता, ते लोक फ्लेक्सच्या बाहेर.

आणखी एक फोटो. हा मी पडद्यावर दाखवत नाही, तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहेच. ८ जून १९७२, व्हिएतनाममधलं ट्रांग बांग. नापाम बॉम्बनंतर रस्त्यावरून धावत येणारी मुलं, मधली मुलगी नागडी, भाजलेली. हा फोटो कोणी काढला यावर २०२५ मध्ये नवा वाद उभा राहिला, आज तो विषय नाही. मला उजव्या कडेबद्दल बोलायचंय. आपण सहसा जो फोटो बघतो त्याची उजवी बाजू कापलेली असते. पूर्ण फोटोत तिथे गणवेशासारख्या कपड्यांतला एक माणूस आहे, मान खाली घातलेला. तो सैनिक नाही. तो फोटोग्राफर आहे आणि कॅमेऱ्यात नवा रोल भरतोय.

जोडून बघा. काय होतं? मुलीची वेदना कमी होत नाही. बॉम्ब खोटा ठरत नाही. पण एक नवा प्रश्न येतो. ही मुलं ओरडत येतायत आणि शेजारी एक माणूस खाली बघून फिल्म भरतोय. म्हणजे इथे बघणारे होते. आणि बघणारे होते म्हणजे आपणही आहोत. कापलेला फोटो युद्धाबद्दल बोलतो. न कापलेला फोटो युद्धाबद्दल बोलता बोलता आपल्याकडे वळून बघतो.

पहिल्या पानावर कोणता छापायचा? मी संपादक असतो तर मीही कापलेलाच छापला असता, खरं सांगतो. त्या दिवशी त्या मुलीवरून नजर हलू द्यायची नव्हती. पण पन्नास वर्षांनंतर, वर्गात दाखवताना, पुस्तकात छापताना, तोच छापत राहायचा का? तिथे माझं उत्तर नाही असं आहे. बातमीची घाई संपलेली असते. आता त्या माणसालाही परत आणायला हवं. कापण्याची परवानगी त्या दिवसापुरती असते, कायमची नसते.

आता शेवटचं उदाहरण, जिथे माझी कसोटी तिसरं उत्तर देते. जानेवारी २०२०, दावोस. हवामानबदलाविरुद्ध काम करणाऱ्या पाच तरुणी पत्रकार परिषदेसाठी एकत्र आल्या होत्या. ग्रेटा थुनबर्ग त्यांतली एक. बाहेर बर्फात उभ्या राहून फोटो काढला गेला, मागे डोंगर. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केलेल्या फोटोत चौघीच होत्या. सगळ्यात डावीकडे उभी असलेली पाचवी मुलगी कापली गेली होती. ती युगांडाची व्हनेसा नकाटे. त्या पाच जणींत कृष्णवर्णीय अशी ती एकटीच होती.

नकाटेने जाहीरपणे विचारलं, मला का काढलंत? सुरुवातीला दिलं गेलेलं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिच्यामागे एक इमारत होती. ती इमारत नजरेत खुपत होती म्हणून फोटोग्राफरने घाईत, निव्वळ रचनेसाठी ती बाजू कापली. पुढे वृत्तसंस्थेने पूर्ण फोटो प्रसिद्ध केला आणि माफी मागितली.

मला इमारतीचं कारण खोटं वाटत नाही. फोटोग्राफीच्या कोणत्याही शिबिरात आम्ही हेच शिकवतो. मी स्वतः शिकवलंय. कडेला पसारा आहे, काढून टाका. मागे डोंगर आणि बर्फ, एवढंच ठेवलं तर फोटो स्वच्छ होतो. रचनेच्या नियमाने तो क्रॉप बरोबर होता. आणि तोच खरा भीतीचा भाग आहे. कोणाचाही वाईट हेतू नसताना, शिकवलेला नियम नीट पाळून, एक माणूस नाहीसा होऊ शकतो. इमारत काढायची होती, मुलगी तिच्यापुढे उभी होती. डोळ्याला इमारत दिसली, मुलगी दिसली नाही.

कसोटी लावा. डावी बाजू परत जोडली. फोटो थोडा ढिला पडला का? पडला, इमारत आली. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की पहिला फोटो जे सांगत होता ते खोटं ठरलं. तो सांगत होता, या प्रश्नावर बोलणारे चेहरे हे असे आहेत, युरोपचे. आफ्रिकेला हवामानबदलाची झळ बसते, पण तिथलं कोणी बोलायला आलेलं नाही. एक जण आली होती. बोलली होती. इथे कापलेला भाग म्हणजे पसारा नव्हता, बातमी होती. नकाटेच्या पुढच्या पुस्तकाचं नाव आहे ‘अ बिगर पिक्चर’. मोठं चित्र. यापेक्षा नेमकं नाव मला सुचत नाही.

म्हणून मी नवीन मुलांना हल्ली एक वाक्य जास्तीचं सांगतो. कडेचा पसारा कापण्याआधी मोजा, त्यात माणसं किती आहेत.

आता ती करंगळी.

काही वर्षांपूर्वी मिरजेचं घर रिकामं केलं. ट्रंकेत तो मूळ ग्रुप फोटो सापडला. चुलतभावाच्या मुंजीचा. पुढे मुलं बसलेली, मध्ये मोठी माणसं खुर्च्यांवर, मागे बायका उभ्या. आजी खुर्चीवर. तिच्यामागे, अगदी कडेला, एक कृश बाई, डोक्यावरून पदर घेतलेला, तोंड अर्धं पुढच्याच्या आड. तिचा हात आजीच्या खांद्यावर. ही आमची अक्का. आजीची नणंद. लहानपणी विधवा झाली आणि जन्मभर आमच्याच घरात राहिली. मंगलकार्यात ती पुढे यायची नाही, फोटोला तर नाहीच. या एका फोटोत ती आली, तीही आजीने ओढून आणली असणार. तिचा दुसरा फोटो कुठेही नाही.

काकांनी फोटो कापायला दिला तेव्हा अक्काला काढायचं म्हणून दिला नव्हता. त्यांना आईचा फोटो हवा होता. फोटोग्राफरने त्याचं काम चोख केलं. आणि तीस-पस्तीस वर्षं आम्ही आजीला हार घालत होतो, अक्काच्या करंगळीला पिन समजत होतो. माझी कसोटी मी पहिल्यांदा त्या ट्रंकेपुढे बसून लावली, पुस्तकं नंतर आली. तिचा हात परत जोडला, तर आजीचा फोटो ढिला पडला नाही. त्या दोघींचं नातं दिसलं, जे घरात कोणी बोलून दाखवलं नव्हतं.

आता दोन प्रश्न घेतो.

पहिली चिठ्ठी आहे, की हल्ली मोबाइल आणि ॲप्स आपोआप कापतात, त्याचं काय? चांगला प्रश्न. ट्विटर फोटोचा ठरावीक भागच दाखवायचं, कोणता ते यंत्र ठरवायचं. २०२० मध्ये लोकांनी प्रयोग करून दाखवलं, की दोन चेहरे असले तर ते बऱ्याचदा गोरा चेहरा निवडतंय. कंपनीने तपासलं, झुकाव असल्याचं मान्य केलं आणि २०२१ मध्ये मोबाइलवर फोटो पूर्ण दाखवायला सुरुवात केली. यंत्राला इमारत आणि मुलगी यांतला फरक आपणच शिकवलेला असतो. ते आपल्यापेक्षा जास्त दुष्ट नसतं, जास्त लांबवर पोहोचतं एवढंच.

दुसरा प्रश्न, पुढच्या रांगेतून. ‘मग आम्ही घरचे फोटो कापायचे की नाही?’ कापा की. कोपर कापा, चपला कापा. फक्त तीन गोष्टी करा. मूळ फोटो पुसू नका. बहुतेक फोनमध्ये क्रॉप केल्यावर ‘ओरिजिनल’वर परत जाता येतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे गेलेल्या प्रतीत ती सोय नसते, तेव्हा मूळ वेगळा जपून ठेवा. जुना ग्रुप फोटो असेल तर स्टुडिओत देण्याआधी तो पूर्णच्या पूर्ण स्कॅन करा, कडांसकट, मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल तर तेही. आणि घरातलं म्हातारं माणूस आहे तोवर त्यांना शेजारी बसवून प्रत्येकाचं नाव लिहून घ्या, कडेच्या माणसापासून सुरुवात करून. मधल्या लोकांची नावं सगळ्यांना पाठ असतात.

आमच्याकडे आता आजीचा तो फोटो आहे तसाच आहे, करंगळीसकट. त्याच्याखाली ग्रुप फोटो लावलाय. हार दोन्हींना घालतो.